चेहरा कोणी पाहावा? : गोषा, कायदा आणि मतदार यादी

सन 2006 मध्ये, जेमतेम एका महिन्याच्या अंतराने, एकाच विषयावर दोन देशांत दोन घटना घडल्या. 7 सप्टेंबर रोजी मद्रास उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मतदार यादीत व ओळखपत्रावर छायाचित्र असलेच पाहिजे ही निवडणूक आयोगाची अट गोषातील मुस्लिम स्त्रियांच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग करीत नाही. त्यानंतर 5 ऑक्टोबर रोजी ब्रिटनमधील एक ज्येष्ठ मंत्री जॅक स्ट्रॉ यांनी आपल्या ब्लॅकबर्न मतदारसंघाकडील वृत्तपत्रात लेख लिहिला. भेटीला येणाऱ्या निकाबधारी स्त्रियांना आपण चेहरा उघडण्याची विनंती करतो, कारण समोरच्याचा चेहरा दिसल्याशिवाय बोलणे पुरे झाल्यासारखे वाटत नाही, असे त्यांनी त्यात सांगितले. त्या लेखावरून मोठे वादळ उठले. मद्रासचा निर्णय मात्र कायद्याच्या अभ्यासकांपलीकडे फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही.

प्रशासनाच्या दृष्टीने मला मद्रासचा प्रश्न अधिक मूलभूत वाटतो. युरोपात वाद झाला तो समाज कसा दिसावा याविषयी. तो वाढत वाढत बंदीच्या कायद्यापर्यंत गेला. फ्रान्सने 11 ऑक्टोबर 2010 रोजी सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास मनाई करणारा कायदा केला, 11 एप्रिल 2011 पासून तो अमलात आला, व त्यात 150 युरोपर्यंत दंड ठेवला गेला. त्या देशात पूर्ण निकाब घेणाऱ्या स्त्रिया सुमारे 1,900 असाव्यात, असा तेथील गृहखात्याचाच अंदाज होता. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 1 जुलै 2014 रोजी हा कायदा ग्राह्य ठरविला. त्यासाठी आधार घेतला तो सुरक्षेचा नव्हे, तर 'एकत्र जगण्याच्या' तत्त्वाचा.

आपल्याकडे असा देशव्यापी कायदा झालेला नाही. याचा अर्थ आपल्या राज्यव्यवस्थेपुढे हा प्रश्न आलाच नाही असा नव्हे. तो दीडशे वर्षांहून अधिक काळ येतच आहे. परंतु तो जप्तीला गेलेल्या बेलिफापुढे, दस्त नोंदविणाऱ्या दुय्यम निबंधकापुढे आणि मतदान केंद्राध्यक्षापुढे येतो. राज्याला माणूस ओळखावा लागतो, आणि जिची ओळख पटवायची ती चेहरा दाखवीत नाही, हा तो पेच आहे. त्यातून वाट कशी काढली गेली आणि त्या वाटेची किंमत प्रत्येक वेळी कोणी मोजली, एवढाच या लेखाचा विषय आहे. धर्मशास्त्रात चेहरा झाकणे सांगितले आहे की नाही, या चर्चेत मी शिरत नाही. तो माझा अधिकारही नाही. आणखी एक खुलासा आवश्यक आहे. 2022 मध्ये कर्नाटकातील शाळा-महाविद्यालयांत जो वाद झाला तो डोक्यावरील रुमालाचा, म्हणजे हिजाबचा होता. त्यात चेहरा उघडाच असतो. येथे विचार आहे तो केवळ चेहरा झाकण्याचा.

मुळात गोषा ही एका धर्माची मिरासदारी कधीच नव्हती. 'गोषा' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, जुन्या मराठा सरदार घराण्यांच्या वर्णनात तो सहज येतो. राजपूत घराणी, बिहार व संयुक्त प्रांतातील जमीनदार हिंदू कुटुंबे, बंगालमधील भद्र घरे यांत स्त्रियांचा पडदा प्रतिष्ठेचे लक्षण मानला जाई. म्हणूनच कायद्याने या स्त्रियांचा विचार केला तेव्हा धर्माचे नाव घेतले नाही. 1859 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेपासून एक तरतूद चालत आली आहे, आणि 1908 च्या संहितेत ती कलम 132 म्हणून आजही आहे. देशाच्या रीतिरिवाजानुसार ज्या स्त्रियांना लोकांसमोर येण्याची सक्ती करणे उचित नाही, त्यांना न्यायालयात जातीने हजर राहण्यापासून सूट, असा तिचा आशय आहे. याच संहितेचे कलम 62 सांगते की, जप्तीच्या वेळी घरातील एखाद्या खोलीत अशी स्त्री असेल तर बेलिफाने तिला आधी सूचना द्यावी, बाजूला होण्यास पुरेसा वेळ द्यावा आणि मगच आत जावे. 1908 च्या नोंदणी कायद्याने या स्त्रियांना नोंदणी कार्यालयात येण्यापासून सूट दिली. निबंधकाने त्यांच्या घरी जावे किंवा आपला प्रतिनिधी पाठवावा. फौजदारी प्रक्रिया संहितेतील तशीच तरतूद 2023 च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम राहिली आहे.

रेल्वेचेही तसेच. 1890 च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक डबा किंवा कप्पा स्त्रियांसाठी राखून ठेवणे बंधनकारक केले, आणि गाडीचा प्रवास पन्नास मैलांहून अधिक असेल तर त्याला शौचालय असावे असेही सांगितले. रेल्वेने स्त्रियांना पडदा सोडण्यास सांगितले नाही. डब्यात एक आडोसा वाढविला.

हे सारे वाचून राज्यकर्त्यांच्या सौजन्याचे कौतुक वाटू शकेल. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न सवयीनेच पडतो: या सवलतीचा खर्च कोठे गेला?

खर्चाचा पहिला भाग न्यायालयांच्या निकालांत सापडतो. पडद्याआड बसलेल्या स्त्रीची सही किंवा अंगठा घेऊन तिची मालमत्ता नातलगांनी, कारभाऱ्यांनी किंवा खुद्द नवऱ्याने बळकाविल्याची प्रकरणे इतकी होती की, प्रिव्ही कौन्सिलला तिच्या संरक्षणासाठी खास नियम घडवावा लागला. 1867 च्या शम्सुन्निसा बेगम यांच्या खटल्यात पत्नीचे सरकारी रोखे नवऱ्याच्या हाती गेले होते. व्यवहार सचोटीने झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी नवऱ्यावर टाकण्यात आली. 1925 च्या फरीदुन्निसा खटल्यात हे तत्त्व अधिक स्पष्ट झाले. दस्तावर सही आहे एवढे पुरेसे नाही. त्या स्त्रीला त्याचा अर्थ समजला होता आणि तिने स्वतःच्या बुद्धीने संमती दिली होती, हे दस्ताचा लाभ घेणाऱ्याने दाखविले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये बिहारमधील खरबुजा कुंवर यांच्या खटल्यात हाच नियम उचलून धरला. ती स्त्री हिंदू होती, हे मुद्दाम नमूद करतो.

नियम न्याय्य आहे. तथापि त्याला दुसरी बाजू आहे. ज्या व्यक्तीचा दस्त केव्हाही न्यायालयात टिकणार नाही अशी भीती असते, तिच्याशी व्यवहार करायला सावकार, खरेदीदार, पेढी सारेच कचरतात. किंवा त्या धोक्याची किंमत वसूल करतात. संरक्षणाचा खर्च असा संरक्षिताच्याच अंगावर येतो. पडद्याने तिला दुबळी केले, आणि दुबळी म्हणून मिळालेल्या सवलतीने तिच्या शब्दाचे बाजारातील मोल कमी केले. कायद्याने तिला फसवणुकीपासून वाचविले, परंतु तिला माहिती देणारे विश्वासाचे माणूस मात्र दिले नाही.

ते माणूस देण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न एका नाशिकमध्ये जन्मलेल्या स्त्रीने केला, याचा मराठी वाचकांना अभिमान वाटावा. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 1866 चा. त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या, आणि 1892 मध्ये ऑक्सफर्डला दिवाणी कायद्याच्या पदवी परीक्षेला बसणारी पहिली स्त्री ठरल्या. त्या काळी स्त्रीला वकिलीची सनद मिळत नसे. ती वाट 1923 च्या कायद्याने मोकळी झाली. पण संस्थानांत व जमीनदारांच्या घरांत त्यांनी पाहिले की, गोषातील विधवेपर्यंत कोणी पुरुष वकील पोहोचू शकत नाही आणि स्त्री वकील अस्तित्वातच नाही. त्यांनी सरकारकडे पाठपुरावा केला, आणि 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांच्यासाठी सल्लागाराचे पद निर्माण करण्यात आले. पुढील सुमारे दोन दशके त्या पालखीतून, होडीतून, कधी हत्तीवरून जमीनदारांच्या वाड्यांवर जात, पडद्याआडच्या स्त्रियांची गाऱ्हाणी ऐकत, हिशेब तपासत आणि मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था लावीत. सुमारे 600 स्त्रिया व मुलांना त्यांची मदत झाली असे मानले जाते. त्यांची राजकीय मते आज अनेकांना पटणार नाहीत. त्या ब्रिटिश राज्याच्या पक्षपाती होत्या. पण प्रशासकीय कल्पना म्हणून त्या पदाचे मोल मला मोठे वाटते. तोपर्यंत पडद्याचा मान राखणे म्हणजे त्या स्त्रीला न भेटणे असे समजले जाई. सोराबजींच्या नेमणुकीने मान राखूनही भेटता येते हे दाखविले. त्यासाठी एक पगारी पद निर्माण करावे लागले, इतकेच.

पडद्याचा खरा हिशेब मांडला तो मात्र पडद्यात वाढलेल्या स्त्रियांनीच. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी 1931 मध्ये 'अवरोधबासिनी' या पुस्तकात अवरोधाच्या 47 हकिकती दिल्या आहेत. त्यांतील एक रेल्वे स्थानकावरची आहे. बिहारमधील किऊल स्थानकावर गाडी बदलताना त्यांच्या नात्यातील एक स्त्री बुरख्यात पाय अडकून रुळांवर पडली. हमाल धावले, पण परपुरुषाने हात लावायचा नाही म्हणून मोलकरणीने कोणाला जवळ येऊ दिले नाही. गाडी काही वेळ थांबली, आणि मग तिच्या अंगावरून गेली. ज्यांना गोषाविषयी हळुवार बोलावेसे वाटते, त्यांनी ही हकिकत विसरू नये. मात्र हेही लक्षात घ्यावे की, रुकैया स्वतः बाहेर जाताना बुरखा घेत. त्यांचा लढा कोंडून ठेवण्याशी होता, आणि बुरखा व कोंडवाडा या दोन गोष्टी त्या वेगळ्या मानीत.

भोपाळच्या बेगमांचा इतिहासही असाच सरळ रेषेत न जाणारा आहे. तेथे शतकाहून अधिक काळ स्त्रियांनी राज्य केले. कुदसिया बेगम यांनी पडदा सोडला, त्यांची कन्या सिकंदर बेगम उघड्या चेहऱ्याने घोड्यावर बसून राज्य पाहत. त्यानंतर शाहजहान बेगम दुसऱ्या विवाहानंतर पडद्यात गेल्या, आणि त्यांची कन्या सुलतान जहान यांनी 1901 ते 1926 बुरख्यात राहूनच कारभार केला. मुलींच्या शाळा काढल्या, त्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या, आणि 1922 मध्ये पडद्याच्या समर्थनार्थ पुस्तकही लिहिले. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन 1927 मध्ये पुण्यात झाले. त्याच्या अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. त्यांनी गोषा सोडला होता. 1928 च्या दिल्ली अधिवेशनाच्या अध्यक्ष सुलतान जहान बेगम होत्या. गोषा सोडलेली राणी आणि गोषा न सोडलेली बेगम एकाच संस्थेच्या लागोपाठ अध्यक्ष होऊ शकल्या, ही गोष्ट आजच्या वादात भाग घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पडदा असावा की नसावा हा वाद स्त्रियांनी आपसांत घातला. मुलींनी शिकावे याविषयी मात्र त्यांचे एकमत होते.

राज्याने या वादाचा उपयोग कसा केला ते आता पाहू. 1919 मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने स्त्रियांना मत देण्यास नकार दिला. अनेक जातीजमातींत स्त्रियांना पडद्यात ठेवण्याची चाल आहे, ती शिथिल होईपर्यंत स्त्रियांचा मताधिकार प्रत्यक्षात येणार नाही, असे एक कारण त्यात होते. युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. काही स्त्रिया केंद्रावर येऊ शकणार नाहीत, म्हणून कोणत्याच स्त्रीला मत नको! व्यवस्था बदलण्याऐवजी माणसेच वगळण्याचा हा प्रकार होता. सुदैवाने निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोडण्यात आला, आणि 1921 मध्ये मद्रास व मुंबई इलाख्यांनी मर्यादित प्रमाणात का होईना, स्त्रियांना मत दिले.

पुढचा प्रसंग स्वतंत्र भारतातला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदार यादी तयार होत असताना असे आढळले की, उत्तरेकडील लक्षावधी स्त्रियांनी आपले नावच सांगितले नव्हते. यादीत 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' अशा नोंदी होत्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला. नावे दुरुस्त करण्यासाठी प्रयत्न झाले, बिहारला मुदतही वाढवून दिली गेली. तरीही सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे अखेर वगळावी लागली. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश येथील स्त्रिया प्रामुख्याने होत्या. ज्या काळी चेहरा कोणी मागत नव्हते, त्या काळी नावही पडद्याआड होते. आणि तो पडदा हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत होता.

सेन यांचा निर्णय मला योग्य वाटतो, पण तो साउथबरो समितीच्या निर्णयाहून वेगळा का, हे सांगितले पाहिजे. समितीने वगळले आणि विषय संपविला. सेन यांनी ठाम अट घातली, आणि ती पाळता यावी म्हणून यंत्रणाही राबविली. त्या निवडणुकीत 1,96,084 मतदान कक्ष होते. त्यांपैकी 27,527 केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवले होते. साक्षरता व साधने यांचा दुष्काळ असलेल्या देशाने त्या एका आकड्यासाठी केवढा खर्च केला असेल, याची कल्पना कोणाही प्रशासकाला यावी.

त्यानंतरची चार दशके राज्याने मतदाराकडे मुख्यतः दोन गोष्टी मागितल्या: नाव आणि बोट. नाव यादीत शोधायचे, बोटाला न पुसली जाणारी शाई लावायची. बुरख्यातून वा घुंघटातून हात बाहेर आला की काम झाले. शंका आलीच तर त्यासाठीही नियम होते. 1961 च्या निवडणूक नियमांतील नियम 34 प्रमाणे स्त्री मतदारांच्या मदतीसाठी स्त्री सहायक नेमता येते. नियम 36 प्रमाणे एखाद्या मतदाराच्या ओळखीविषयी उमेदवाराच्या प्रतिनिधीला संशय असेल, तर त्याने दोन रुपये रोख भरून आक्षेप घ्यायचा, आणि केंद्राध्यक्षाने तेथल्या तेथे चौकशी करून निर्णय द्यायचा. दोन रुपयांची ही रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण तिच्यामागील विचार पक्का आहे. संशय घेणाऱ्याने स्वतःचे काहीतरी पणाला लावावे, आणि चौकशी अधिकाऱ्याने करावी, संशय घेणाऱ्याने नव्हे.

1993 मध्ये टी. एन. शेषन यांनी छायाचित्र ओळखपत्राचा आग्रह धरला आणि चित्र पालटले. तोतया मतदार ही खरी व्याधी होती, आणि गरीब मतदाराचे मत दुसऱ्याने टाकून जाण्याचा फटका स्त्रियांना सर्वांत अधिक बसे. तेव्हा ओळखपत्राचा लाभही त्यांनाच अधिक झाला. परंतु आता नाव आणि बोट यांच्या जोडीला चेहरा आला. मद्रासच्या याचिकेचा जन्म येथला. छायाचित्रे असलेली यादी परक्या पुरुषांच्या हाती जाईल, हे तीतील गाऱ्हाणे होते. न्यायालयाने छायाचित्राची अट कायम ठेवली, आणि ते योग्यच झाले. मताचे पावित्र्य राखण्यासाठी मतदार तोच आहे हे तपासणे राज्याचे कर्तव्यच आहे. मात्र गाऱ्हाण्याचा जो भाग वाजवी होता, त्यावर उपाय शक्य होता. आज आयोग संकेतस्थळावर लोकांसाठी जी यादी ठेवतो, तीत कोणाचेच छायाचित्र नसते. बुरखा घेणाऱ्या स्त्रीला जो संकोच होता, त्याच्या मुळाशी प्रत्येक नागरिकाच्या खासगीपणाचा प्रश्न होता.

हेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा जानेवारी 2010 मध्ये खंडपीठाने तोंडी असे म्हटले की, ज्यांच्या धर्मभावना इतक्या तीव्र आहेत त्यांनी मतदानाला जाऊ नये. न्यायालयाविषयी पूर्ण आदर ठेवून मला वाटते की, हा शेरा कायद्यात बसला तरी प्रशासनाला मार्गदर्शक होऊ शकत नाही. कारण घरात बसून राहण्याचा निर्णय त्या स्त्रीचाच असेल याची खात्री काय? अनेकदा तो घरातील पुरुषांचा असेल. 'नको येऊस' असे राज्याने म्हटले, तर तिला कोंडून ठेवणाऱ्याचेच काम सोपे होते.

मतदान केंद्रावर हे कसे घडते, ते निवडणूक निरीक्षक म्हणून मी उत्तर भारतातील एका जिल्ह्यात पाहिले आहे. एका शाळेतील केंद्रावर नेमलेल्या स्त्री मतदान अधिकारी आदल्या दिवशी आजारी पडल्या होत्या आणि बदली कोणी आलेले नव्हते. रांगेत बुरख्यातील व घुंघटातील अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया होत्या. एका पक्षाच्या प्रतिनिधीने चेहरे तपासण्याचा आग्रह धरला, दुसऱ्याने विरोध केला, आणि रांग थांबली. केंद्राध्यक्ष शांत स्वभावाचे प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी क्षेत्रीय अधिकाऱ्याला कळवून गावातील अंगणवाडी सेविकेला बोलावून घेतले, दोन खाटा उभ्या करून त्यांवर चादर टाकली, आणि आडोशाला ओळख पटवून एकेकीला पुढे सोडले. खाटा आणि चादर ही त्यांची स्वतःची युक्ती नव्हती; आयोगाच्या केंद्राध्यक्षांसाठीच्या पुस्तिकेतच अशा बिनखर्ची साधनांचा उल्लेख आहे. घुंघटातील काही वृद्ध स्त्रियाही आपणहून त्या आडोशाला गेल्या. तेथून पुढे वाद झाला नाही. पण रांग थांबलेली असताना काही स्त्रिया घरी परतल्या होत्या. त्या पुन्हा आल्या का, हे मला कळले नाही. केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत आक्षेप घेतलेल्या मतांची संख्या लिहिण्यास जागा असते. रांगेतून परत गेलेल्यांची संख्या लिहिण्यास नसते. प्रशासनात जे मोजले जात नाही, ते घडलेच नाही असे धरले जाते.

अलीकडच्या घटना याच प्रकाशात पाहाव्यात. 13 मे 2024 रोजी हैदराबादेत एका उमेदवाराने मतदान केंद्रात जाऊन बुरख्यातील स्त्रियांना चेहरा उघडण्यास सांगितल्याचे चित्रण प्रसिद्ध झाले व गुन्हा नोंदला गेला. 20 नोव्हेंबर 2024 रोजी उत्तर प्रदेशातील पोटनिवडणुकांत मतदारांची ओळखपत्रे तपासणाऱ्या काही पोलिसांना आयोगाच्या आदेशाने निलंबित व्हावे लागले. 2025 च्या बिहार विधानसभा निवडणुकीपूर्वी मुख्य निवडणूक आयुक्तांनी जाहीर केले की, बुरख्यातील स्त्रियांची ओळख पटविण्यासाठी केंद्रांवर अंगणवाडी सेविका असतील. यांतील पहिल्या दोन घटना आणि तिसरी घटना यांत मोठे अंतर आहे. चेहरा तिन्ही ठिकाणी पाहिला जाणार होता. प्रश्न होता तो कोणी पाहावा, कोठे पाहावा आणि कोणत्या अधिकाराने. उमेदवाराला तो अधिकार नाही, बाहेर उभ्या असलेल्या पोलिसालाही नाही. तो केवळ मतदान अधिकाऱ्याला आहे, आणि तोही यादीशी चेहरा ताडून पाहण्यापुरता, काही क्षणांचा.

या सगळ्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, ओळख पटविण्याचा राज्याचा हक्क निर्विवाद आहे. तो प्रसंगापुरता असतो. रस्त्यावर, बाजारात, उद्यानात तो आपोआप लागू होत नाही. दुसरी, ही अट सर्वांना सारखी असावी. बुरख्याला एक नियम आणि घुंघटाला दुसरा, असे झाले की तपासणीचे रूपांतर अपमानात होते. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, ओळख पटविण्यासाठी जो व्यवहारखर्च येतो तो राज्याने सोसावा. एक स्त्री कर्मचारी, एक आडोसा, बदलीची आगाऊ सोय, एवढाच तो खर्च आहे. राज्याने तो वाचविला की तो नाहीसा होत नाही. तो त्या स्त्रीच्या अंगावर जातो, आणि ती तो मत न देऊन फेडते. दैनंदिनीत परत गेलेल्या मतदारांसाठी एक रकाना वाढविला, तर निदान हा खर्च दिसू तरी लागेल.

पडद्याचा वाद यामुळे मिटणार नाही, आणि राज्याने तो मिटवावा अशी माझी अपेक्षाही नाही. रुकैयांनी तो घातला, सुलतान जहान बेगमांनी घातला. आजच्या मुस्लिम स्त्रियाही घालीत आहेत आणि घालतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाळणीविषयक ग्रंथात पडद्याच्या दुष्परिणामांवर कठोर टीका केली होती. तीही या चर्चेचा भाग आहे. राज्याचे काम एवढेच की, या वादातील कोणत्याही बाजूच्या स्त्रीचे नाव यादीतून गळू नये. 1962 मध्ये लोकसभेसाठी 63.31 टक्के पुरुषांनी आणि 46.63 टक्के स्त्रियांनी मतदान केले होते. 2019 मध्ये हे प्रमाण पुरुषांचे 67.01 आणि स्त्रियांचे 67.18 टक्के झाले. या सत्तावन्न वर्षांत देशातील पडदा आणि घुंघट नाहीसे झाले नाहीत. शिक्षण वाढले, स्त्रियांची उमेद वाढली, आणि त्यांच्या जोडीला केंद्रे जवळ आली, रांगा वेगळ्या झाल्या, टेबलामागे स्त्रिया बसू लागल्या. साउथबरो समितीने जी गोष्ट पडदा शिथिल होईपर्यंत अशक्य मानली होती, ती पडदा असतानाच घडून आली.